जुनी गाडी उभी करायची आहे? आधी कागद, मग पत्रा, इंजिन शेवटी

‘वडिलांची पद्मिनी गावी पडवीत उभी आहे. तीच करावी की दुसरी चांगली बघावी?’ ‘मुलाची दहावी झाली, सुट्टीत दोघांनी मिळून एखादी अ‍ॅम्बॅसेडर उभी करायचं मनात आहे, जमेल का?’ ‘कॉन्टेसा स्वस्तात मिळतेय, फक्त आरसी जुन्या मालकाच्या नावावर आहे, घेऊ ना?’ असे प्रश्न वाचकांकडून सारखे येतात. त्यातल्या बहुतेकांनी मॉडेल ठरवलेलं असतं, रंगही ठरवलेला असतो. आरसी बघायची राहिलेली असते आणि गाडीखाली वाकून कुणी पाहिलेलं नसतं.

शेडमध्ये वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहिलेल्या गाड्या इंजिनामुळे क्वचितच अडलेल्या असतात. त्या कागदांपायी अडतात किंवा तळ सडल्यामुळे. त्यामुळे हा लेखही त्याच क्रमाने जातो.

परदेशी कार्यक्रमांत बापलेक मिळून मस्टँग किंवा कॅमारो उभी करताना दिसतात आणि आपल्यालाही हुरूप येतो. पण तिथला हिशेब इथे लावू नका. अमेरिकेत १९६० च्या दशकातल्या मस्टँगचे पत्रे, काचा, बीडिंग, इतकंच काय अख्खी बॉडीसुद्धा आज नवी बनवून विकली जाते. आपल्याकडे पद्मिनीचा सडलेला तळ कॅटलॉग उघडून मागवता येत नाही. डेंटर तो हाताने कापून, वाकवून, वेल्ड करून बनवतो. म्हणून इथे गाडी निवडताना तिचा पत्रा किती शाबूत आहे आणि तिचे सुटे भाग आपल्या भागात कुठे मिळतात, या दोन गोष्टींना फार वजन आहे.

घरात आधी काय ठरवायचं

गाडी बघायला बाहेर पडण्याआधी सगळ्यांनी एकदा बसून बोला. तीन गोष्टी ठरल्या तर निवड सोपी होते.

- जागा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उघडून ठेवता येत नाही; पहिल्याच महिन्यात तक्रार येते. छप्पर असलेली, कुलूप लागणारी, वीज असलेली जागा हवी. गावचं अंगण चालेल, पण तिथे दर आठवड्याला जाणं होणार आहे का, हे खरं खरं सांगा.
- गाडीचा उपयोग. रविवारी सहकुटुंब फिरायचं आहे, मुलांना काम शिकवायचं आहे की रॅलीत मिरवायचं आहे? तिन्हींसाठी वेगवेगळ्या गाड्या योग्य ठरतात आणि पुढे येईल तशी नोंदणीही वेगळी असते.
- पैसे. गाडीची किंमत हा खर्चाचा लहान भाग असतो. पत्रा आणि रंग यांवर सर्वांत जास्त जातात. एकूण रकमेतला निम्मा वाटा त्यासाठी बाजूला ठेवा आणि अंदाजपत्रकाबाहेर थोडी गंगाजळीही ठेवा, कारण रंग खरवडल्यावर खाली काय निघेल ते कुणीच सांगू शकत नाही.

माझं स्पष्ट मत असं की पहिल्यांदा हे काम करणाऱ्या कुटुंबाने चालती गाडी घ्यावी. कितीही धूर सोडत असली तरी चालेल, पण स्वतःच्या चाकांवर येणारी असावी. सुटी करून पोत्यांत भरलेली गाडी अर्ध्या किमतीत मिळते, पण काय हरवलंय हे कळायलाच वर्ष जातं आणि तोवर मुलं कॉलेजला निघून जातात. चालत्या गाडीचं काम टप्प्याटप्प्याने होतं. यंदा ब्रेक, पुढच्या सुट्टीत वायरिंग, आणि मधल्या काळात जिथे कागद शाबूत आहेत तिथे एखादी चक्करही मारता येते.

कागद

बयाणा देण्यापूर्वी हे तपासा:

- आरसी कोणाच्या नावावर आहे. विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच असावा. ‘मध्ये दोघांनी घेतली, नावावर केली नाही’ असं ऐकू आलं तर सह्या कोण करणार, हा प्रश्न लगेच विचारा. हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर नोंदीतल्या मालकाची सही लागते.
- मूळ मालक हयात आहे का. घरातल्याच गाडीबाबत हे हमखास राहून जातं. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर, असं असेल तर फॉर्म ३१ भरून आधी वारसाच्या नावावर करावी लागते. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची लेखी संमती लागते. काका, आत्या, सगळ्यांशी आधी बोला. गाडी रंगून चमकायला लागल्यावर हक्क आठवणारे नातेवाईक असतात.
- बँकेचा बोजा. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर ती उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला हवा. कर्ज एखाद्या बंद पडलेल्या पतपेढीचं असेल तर हा दाखला मिळवणं विकणाऱ्याच्या गळ्यात राहू द्या. बोजा उतरल्यावरच व्यवहार करा.
- संगणकावरची नोंद. १९८९ पूर्वीच्या, तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या बऱ्याच गाड्या आरटीओच्या जुन्या वह्यांत आहेत, पण ‘वाहन’ प्रणालीत नाहीत. अशी नोंद चढवून घ्यावी लागते. आरटीओत तिला बॅकलॉग म्हणतात. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून काहीच आलं नाही तर संबंधित आरटीओत जाऊन वही शिल्लक आहे का, एवढं तरी विचारून या.
- दुसऱ्या राज्याची गाडी. फॉर्म २८ चं ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर, दोन्ही धरून किंमत ठरवा.
- चोरीची नाही ना. एनसीआरबीच्या संकेतस्थळावर गाडी चोरीच्या नोंदीत नसल्याचा दाखला काढता येतो.

यानंतर चासी नंबर. विक्रेत्याने दाखवलेला फोटो पुरेसा नाही. एक पातळ कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल बरोबर न्या. कोरलेल्या नंबरावरची ग्रीस कापडाने पुसा, कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलकेच घासा. आकडे पांढरे उमटतात. हा ठसा आरसीशी एकेक अक्षर लावून बघा. आरटीओचा आणि विम्याचा माणूसही हेच करतो. आकड्यांच्या रेषेत एखादा वर-खाली असेल, भोवतालचा पत्रा ग्राइंडर फिरवल्यासारखा गुळगुळीत असेल किंवा वेल्डिंगची शिवण दिसत असेल तर चहा पिऊन परत या. किंमत कितीही खाली आली तरी घेऊ नका.

इंजिन नंबर न जुळणं तेवढं भयंकर नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. जुन्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवणं हा एके काळी सर्रास प्रकार होता. बदल आरसीवर चढवलेला असेल तर ठीक. नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो विनापरवानगी बदल ठरतो.

नोंदणी: साधी की व्हिंटेज?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे आपल्या बोलीत रि-पासिंग. त्यासाठी फॉर्म २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. शुल्क आता किरकोळ राहिलेलं नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये ते ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या चारचाकीसाठी १०,००० रुपये. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावावी लागते. हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्यांचा मोह असलेल्यांचा यावर राग आहे, माझाही आहे, पण दंड रागाकडे बघत नाही.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीचा वेगळा मार्ग आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं टिकते, नंतर नूतनीकरणाला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो. पण दोन अटी नीट वाचा. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि ही गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. तेव्हा दर रविवारी लोणावळ्याला जायचं असेल तर साधी नोंदणी जिवंत ठेवलेलीच बरी.

पत्रा

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर आणि कॉन्टेसा या तिन्हींना जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा आहे. म्हणून रनिंग बोर्ड किंवा तळ सडला असेल तर गाडीचा कणाच गेला असं समजा. वरचा रंग याबद्दल काही सांगत नाही. उलट ताजा रंग दिसला की जास्त संशय घ्यावा.

दिवसाउजेडी जा, आणि गाडी धुतलेली नसेल अशा वेळी. बरोबर फ्रिजवरचं एक चपटं चुंबक, टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या. चुंबक पातळ रुमालात गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत, आणि मागच्या चाकाच्या कमानीपासून दाराच्या खालच्या कडेपर्यंत सरकवत न्या. जिथे ते चिकटायचं थांबतं तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी आहे. हाताच्या तळव्याएवढी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते, ती माफ. फूटभर लांबी म्हणजे खाली भोक आहे. मग ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचला. विक्रेता ‘ते चिकटवलंय’ म्हणेल, तरी उचला. खाली ओलसर वास आणि पापुद्रे सुटलेला पत्रा दिसला तर पाणी बहुधा पुढच्या काचेच्या बीडिंगमधून येत असतं. स्क्रू ड्रायव्हर अंगठ्याच्या जोराने टोचून बघा. टोक आत गेलं तर तळ बदलावा लागेल.

याशिवाय डिकीत स्टेपनीखाली, बॅटरीच्या ट्रेखाली आणि मागचे पाटे जिथे बॉडीला जोडले जातात तिथे बघा. शेवटची जागा सर्वांत महत्त्वाची. कोकण, गोवा, मुंबई इथल्या गाड्यांना खाऱ्या हवेने खाल्लेलं असतं, तर देशावर, मराठवाड्यात कोरड्या हवेत उभी असलेली गाडी दिसायला फिकी पण पत्र्याने ठणठणीत निघते. तिथे काचा, रबर आणि गाद्या मात्र उन्हाने गेलेल्या असतात. रबर बदलता येतं. सोलापूरची रंग उडालेली गाडी आणि किनारपट्टीवरची चकाचक गाडी यांत मी डोळे मिटून पहिली घेईन.

कोणती गाडी कोणासाठी

प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, फियाट ११०० ची पुढची आवृत्ती; १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पद्मिनी या नावाने. इंजिन १,०८९ सीसी, रचना सरळ, बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग हाताला लागतो. मुंबईत दशकानुदशकं ती टॅक्सी होती, त्यामुळे तिचे जुने मिस्त्री अजून सापडतात. स्टिअरिंगजवळचा गिअर अडकत असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा लिंकेजचे बुश झिजलेले असतात. तिच्याही आधीच्या ‘डुक्कर फियाट’च्या मागे लागायचं असेल तर दिवे, काचा आणि पट्ट्या पूर्ण असलेलीच बघा, कारण त्या मिळवण्यात उमेद संपते. कुटुंबाच्या पहिल्या गाडीसाठी माझं मत पद्मिनीला.

अ‍ॅम्बॅसेडर. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनत राहिली. एवढ्या वर्षांचं उत्पादन असल्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. मात्र मॉडेलं बदलत गेली तशा जाळ्या, दिवे, डॅशबोर्डही बदलले आणि अनेक गाड्यांत ते एकमेकांत मिसळलेले असतात. तुम्हाला मूळ रूप हवं असेल तर आरसीवरचं साल आणि समोरचा चेहरा जुळतो का ते बघा. सरकारी लिलावातून आलेली असेल तर फॉर्म ३२ ची साखळी पूर्ण आहे ना, हेही पाहा. आजी-आजोबांना बसायला हिच्याइतकी ऐसपैस गाडी नाही.

कॉन्टेसा. हिचे चाहते हिला ‘देशी मसल कार’ म्हणतात. लांब बॉनेट आणि रुंद खांदे बघता म्हणू देत. पण सुरुवातीच्या कॉन्टेसात अ‍ॅम्बॅसेडरचंच १.५ लिटरचं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं इंजिन होतं, आणि एवढी मोठी बॉडी ओढताना त्याची दमछाक व्हायची. घ्यायचीच तर इसुझुचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर असलेली घ्या. १९८४ ते २००२ एवढ्याच काळात बनली, म्हणून बंपर, दिवे, काचांची रबरं दुर्मीळ आहेत. दिसायला अपूर्ण असेल तर सोडा. पहिली गाडी म्हणून मी सुचवणार नाही.

मारुती ८००. नाक मुरडू नका. १९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. त्या सुरुवातीच्या गाड्या आता चाळिशीच्या आहेत. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, भाग हलके. कार्ब्युरेटर असलेली जुनी ८०० हायस्कूलच्या मुलामुलींसोबत उघडायला उत्तम, आणि खर्च हाताबाहेर जात नाही. पत्रा पातळ असतो, एवढं ध्यानात ठेवा.

महिंद्राची जीप. सपाट पत्रे, वेगळी चासी, गावचा डेंटरही करू शकेल असं काम. पण कागदांच्या बाबतीत सर्वांत जपून. तीन गाड्यांतून एक जुळवलेली, चासी लांबवलेली, ‘आर्मी डिस्पोजल’ची म्हणून सांगितलेली अशा जीप फार आहेत. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. छत कापलेली, रुंद टायरांची जीप फोटोत छान दिसते. नाक्यावर अडवली जाते.

स्टँडर्ड हेराल्डसारख्या गाड्या गोंडस आहेत. त्या दुसऱ्या प्रकल्पासाठी ठेवा.

इंजिनाबद्दल थोडंच

थंड इंजिन चालू करून दाखवायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्या. निळा धूर म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह. बोअरिंग करून निघतं. तेलात पाणी मिसळून दुधासारखं झालं असेल तर हेड उघडावं लागेल. गिअरबॉक्सचा आवाज आणि ब्रेकची अवस्था पाहा. हे सगळं पैशाने सुटतं.

दोन गोष्टी मिस्त्रीला आवर्जून सांगा. देशभर फक्त शिसेविरहित पेट्रोल आलं ते २००० मध्ये. त्याआधीच्या इंजिनांचं हेड उघडलंच तर कठीण व्हॉल्व्ह सीट बसवण्याबद्दल विचारा. आणि आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनी रबरी नळी आणि कार्ब्युरेटरमधली रबरं खातं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घाला. हा खर्च लहान आहे आणि आग टाळणारा आहे.

घरी काय करायचं, बाहेर काय द्यायचं

पत्र्याचं वेल्डिंग, रंग, बोअरिंग, ब्रेकचं अंतिम काम बाहेर द्या. उघडणं, साफ करणं, क्रोम घासणं, साधं वायरिंग, गाद्यांचं कापड निवडणं, भाग शोधणं हे घरचं. प्रत्येक नट-बोल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी, ‘डावं पुढचं दार, वरची बिजागरी’ इतकी नेमकी. उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो. हे काम दहा-बारा वर्षांचं मूल मोठ्यांपेक्षा चोख करतं. भाग शोधायला कुर्ल्याला, चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाताना जुना भाग बरोबर न्या. वर्णनावर कुणी काही देत नाही.

काही गोष्टींत मात्र सूट नाही:

- नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. लोखंडी घोड्या लावूनच.
- जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासायचं नाही, पाणी लावून घासायचं, तोंडाला मास्क, आणि मुलांना दूर ठेवायचं.
- जुन्या ब्रेक लायनर आणि क्लचप्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रमवर हवा मारून धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.
- काम सुरू करताना बॅटरीची वायर काढायची.
- मागच्या सीटला पट्टे नसतील तर ते बसवण्याची जागा पत्र्याचं काम चालू असतानाच मजबूत करून घ्यायची. रंग झाल्यावर ते होत नाही.

गॅरेजशी व्यवहार आणि तुमचे हक्क

गाडी गॅरेजात देताना तोंडी अंदाजावर जाऊ नका. कोणतं काम, कोणता माल, किती दिवस, किती पैसे हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पूर्ण आगाऊ रक्कम देऊ नका. तळाचं काम दाखवलं की एक हप्ता, प्रायमर मारण्याआधी तुम्ही येऊन पाहिलं की दुसरा. प्रायमरआधी पाहणं फार गरजेचं आहे, कारण वेल्डिंग केलंय की नुसता पॅच चिकटवून लांबी मारलीय, हे त्यानंतर कळत नाही. काढलेले जुने भाग परत मागून घ्या.

पक्की पावती घेतलेल्या कामात खोट निघाली तर तुम्ही ग्राहक आहात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरकडून घेतलेल्या गाडीलाही हे लागू होतं. मात्र शेजारच्या गृहस्थाकडून त्याची घरची गाडी घेतली तर ग्राहक आयोग सहसा कामाला येत नाही. तिथे तुमची ढाल म्हणजे विक्रीचा करार. चासी नंबर, इंजिन नंबर, थकलेला कर, चलनं यांची जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहून घ्या.

नाव बदलणं लांबवू नका. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाईही त्याच्यावर, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. विकणाऱ्याला हे सांगितलं तर सह्यांसाठी तोच तुमच्या मागे लागतो.

आणि गाडी घरी आणायच्या दिवशी चालवत आणू नका. विमा संपलेला, नोंदणी संपलेली, ब्रेक अनोळखी, फ्लॅटबेड मागवा. रस्त्यावर काढण्याआधी तृतीय पक्ष विमा हवाच. स्वतःच्या गाडीचंही संरक्षण हवं असेल तर एवढ्या जुन्या गाडीचं मूल्य ठरलेल्या कोष्टकातून येत नाही, ते तुम्ही आणि विमा कंपनी यांच्यात बोलून ठरतं. मुलांनी काढलेले ते फोटो आणि प्रत्येक पावती एका फायलीत लावलेली असेल तर ही बोलणी सोपी जातात. नाहीतर कंपनी भंगाराच्या भावापासून सुरुवात करते.